घरकर्ता : मुळशी पेट्यातील एका पिढीचे स्मरण

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात जुना आहे. विद्वान, व्यापारी, दानशूर, लष्करात नाव काढलेले वीर, शाळा व वसतिगृहे उभारणारे कार्यकर्ते, या सर्वांस त्या पानांत यथोचित स्थान मिळाले, आणि ते मिळावयासच हवे होते. परंतु ज्या घरांतून ही माणसे बाहेर पडली त्या घरांचे जू ज्यांनी मानेवर घेतले, त्या घरकर्त्यांविषयी आम्ही फारसे कधी लिहिले नाही. त्यांच्या नावे सनद नाही, मानपत्र नाही, पुष्कळांचे छायाचित्रही नाही. सरकारी दप्तरात शोधू गेल्यास एखाद्या खात्याच्या उताऱ्यावर, तेही असले तर, त्यांचे नाव सापडते. प्रस्तुत लेखात मुळशी पेट्यातील अशा एका पिढीची हकीकत आम्ही सांगणार आहोत. त्या पिढीपैकी एका पुरुषास आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिले असल्याने लेखात थोडे घरचे बोलणे येईल. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत मुळा नदीचे जे खोरे आहे, त्याचा वरचा भाग म्हणजे जुना मुळशी पेटा. इंग्रजी अमदानीत हा स्वतंत्र तालुका नव्हता. हवेली तालुक्याचा तो पोटविभाग असून पौडास महालकरी बसत असे. शिवकालीन बारा मावळांच्या इतिहासात या मुलखाची नावे वाचकांच्या परिचयाची आहेत. पौड खोऱ्यात ढमाले, मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर अशी देशमुखी घराणी नांदत होती, आणि त्यांचे महजर, वतनपत्रे व तंटे यांनी इतिहाससंशोधकांची दप्तरे भरलेली आहेत. मात्र देशमुखांच्या मागून जे चालले, आणि मोहिमेवरून परतल्यावर ज्यांनी पुन्हा नांगर धरला, त्यांची दप्तरे कोणी ठेवली नाहीत. त्यांचे दप्तर म्हणजे भाताची खाचरे. डोंगरउतारावर एकाखाली एक बांध घालून, पिढ्यान्‌पिढ्या माती वाहून आणून ती तयार केलेली. घाटमाथ्याकडे, ताम्हिणीच्या बाजूस, वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. अशा पावसात एका बांधाची माती जागच्या जागी ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी फुटलेला बांध रात्री कंदील घेऊन बांधला असेल त्यासच कळेल.

या खाचरांत पिकणारा आंबेमोहर तांदूळ पुण्याच्या पेठांत नावाजलेला होता. भात शिजू लागले की आंब्याच्या मोहराचा वास घरभर पसरतो, म्हणून हे नाव. पण तो पिकविणाऱ्याच्या पानात मात्र वर्षातील बहुतेक दिवस नाचणीची भाकरी किंवा वऱ्याचा भात असे. वरच्या वरकस जमिनीत पिकणारी नाचणी व वरई हे घरचे अन्न. आंबेमोहर हे देणे भागविण्याचे साधन. सणासुदीस, बाळंतिणीस आणि पाहुण्यांस तेवढा तो शिजे.

घरकर्त्याचे वर्ष कसे जात असे ते येथे थोडे सविस्तर सांगतो. कारण आजच्या आमच्या नातवंडांस तांदूळ दुकानात मिळतो एवढेच ठाऊक आहे. माघ-फाल्गुनापासून राबाची तयारी सुरू होई. झाडांच्या फांद्या छाटून, वाळलेला पाला, गवत व शेण ज्या तुकड्यात रोप करावयाचे तेथे थरांनी पसरावयाचे, वर मातीचा पातळ थर द्यावयाचा आणि वैशाखात ते भाजावयाचे. त्याने जमीन सकस होते व तणाचे बी जळते. मृगाच्या सुमारास त्या राखेत बी पेरावयाचे. रोप वीतभर झाले, आणि खाचरांत पाणी उभे राहिले, की चिखलणी. बैल व माणूस दोघेही गुडघाभर चिखलात. मग आवणी. घरातील बायामाणसे, सुना, लेकी, सारी इरली पांघरून, वाकून ओळीने रोपे लावीत. कर्ता पुरुष बांधावर उभा राहून हुकूम सोडी असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. रोपांचे भारे डोक्यावर वाहणे, बैलांचे पाहणे, वरच्या खाचरातील पाणी खालच्यात बेताने सोडणे, शेजाऱ्याशी पाण्यावरून होणारा तंटा गोडीने मिटविणे, ही सर्व त्याचीच कामे. पुढे बेणणी, कापणी, खळ्यावरची झोडणी. आणि अखेर कणगीत धान्य पडले की वर्षातील सर्वांत अवघड काम उरे, ते म्हणजे वाटणीचे. बियाण्याचे इतके, बलुतेदारांचे इतके, मालकाचे इतके, माहेरी आलेल्या लेकीचे इतके. उरले त्यात पुढील मृगापर्यंत वीस तोंडे.

आमचे आजोबा, ज्यांस घरात लहानथोर सारे आबा म्हणत, हे काम एका लाकडी पायलीने करीत. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु कणगीच्या कडेस बसून त्यांनी एकदा माप घालावयास घेतले म्हणजे घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. ते मोजताना पहिले माप 'लाभ' म्हणून घालीत व मग दोन, तीन असे पुढे म्हणत. तशी तिकडची रीतच आहे. घरातील सर्वांत मागून जेवणारा पुरुष तेच. आमच्या आजीने एकदा सांगितले की, लग्न होऊन आल्यावर पहिली दोन वर्षे आपल्या सासऱ्यामागून घर चालविणारा हा मनुष्य खातो तरी केव्हा, हेच तिला कळले नव्हते.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहीत आहोत त्याकडे वळू. ही खाचरे ज्यांनी घडविली त्यांच्याच नावे ती सदैव राहिली असे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कायद्याने जमीन गहाण व विक्रीची वस्तू झाली, सारा रोखीने भरणे आले, आणि रोख पैका शेतकऱ्यापाशी कधीच नव्हता. सावकाराच्या वहीत नाव चढले की ते उतरत नसे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, हे इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने थोडी सवलत मिळाली, परंतु हातची गेलेली जमीन परत आली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुळशी पेट्यातील पुष्कळ जमीन खातेदार म्हणून पुण्यातील व गावोगावच्या सावकारांच्या नावे होती, आणि ती कसणारे मूळचे मावळे त्यांची कुळे झाले होते. आमच्या घरची स्थितीही तीच. पणजोबांनी एका मुलीच्या लग्नासाठी व एका वर्षीच्या मेलेल्या बैलांसाठी जे कर्ज काढले त्यात खाचरे गेली. आबांनी जन्मभर जी जमीन कसली ती कागदावर दुसऱ्या कोणाची होती. खातेदार व कूळ हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व हकीकत त्याच्याच भोवती फिरते.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा दगडी कोळशावर चालत, आणि कोळसा दूरच्या खाणींतून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे अफाट पाणी अडवून ते कोकणात उंचावरून सोडावे व त्या जोरावर वीज उत्पन्न करावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्या काळापासून घोळत होती. त्यांच्या मृत्यूनंतर १९१० साली टाटांची पहिली जलविद्युत कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याच्या परिसरात धरणे झाली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. त्या पाठोपाठ आंध्रा खोऱ्याची योजना झाली. तिसरी योजना मुळशीची. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे, आणि साठलेले पाणी बोगद्यांनी पश्चिमेस नेऊन घाटाखाली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील भिरा येथे, सुमारे पाचशे मीटर खाली सोडावयाचे. जी मुळा पुण्याकडे वाहत जाऊन मुठेस, पुढे भीमेस, आणि अखेर कृष्णेतून पूर्व समुद्रास मिळते, तिचे पाणी या योजनेने कुंडलिकेच्या वाटेने पश्चिम समुद्रास जाऊ लागले. नदीने दिशा बदलावी एवढी ही मोठी करामत होती, आणि तिचे स्थापत्य म्हणून कौतुक करण्यास आमची हरकत नाही. परंतु या पाण्याखाली पन्नासाहून अधिक गावांची जमीन जाणार होती, आणि सुमारे अकरा हजार माणसांचे जीवित तिच्यावर अवलंबून होते. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यान्वये सरकार ती जमीन घेऊन कंपनीस देणार होते. जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे बंधन त्या कायद्यात कोठेच नव्हते. पैसे द्यावयाचे, आणि तेही प्रायः कागदावर ज्याचे नाव असेल त्यास.

या अन्यायाविरुद्ध उभे राहिलेले आंदोलन म्हणजे मुळशीचा सत्याग्रह. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी धरणाच्या जागी जाऊन ठाण मांडले व काम बंद पाडले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. त्याच महिन्याच्या २७ तारखेच्या 'यंग इंडिया'त गांधीजींनी मुळशी पेट्यावर लेख लिहून टाटांस समजुतीचा मार्ग स्वीकारण्याविषयी विनविले. पुण्यात 'केसरी'ने व न. चिं. केळकरांनी हा प्रश्न उचलून धरला. काम काही काळ थांबले. परंतु डिसेंबर १९२१ मध्ये पुन्हा सत्याग्रह सुरू करावा लागला, आणि मग धरपकड सुरू झाली. विनायकराव भुस्कुटे यांनी या चळवळीस आपले आयुष्य दिले. शंकरराव देव तुरुंगात गेले, 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांनीही शिक्षा भोगली. आणि पारनेरच्या पांडुरंग महादेव बापटांस तर याच लढ्याने 'सेनापती' ही पदवी दिली. सेनापतींनी मुळशीसाठी तीनदा तुरुंगवास पत्करला. अखेरच्या वेळी, १९२४ च्या शेवटी, धरणाच्या कामाची आगगाडी अडविल्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि ते १९३१ साली सुटले. मावळ्यांच्या बायकाही तुरुंगात गेल्या, हे विशेष आवर्जून नमूद केले पाहिजे.

हा सर्व इतिहास गौरवाचा आहे आणि त्यावर ग्रंथ झाले आहेत. भुस्कुट्यांनी स्वतः लिहिले. पुढे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी त्या लढ्याचा शोधपूर्वक अभ्यास करून धरणविरोधी आंदोलनांत त्याचे जागतिक महत्त्व दाखवून दिले. परंतु त्या लढ्याच्या आत जी एक चीर होती तिच्याविषयी ज्ञातिसंस्थांच्या अंकांतून कोणी लिहीत नाही. जे खातेदार होते त्यांपैकी पुष्कळांस जमीन वाचावी यापेक्षा तिची किंमत चांगली यावी याची चिंता अधिक होती. त्यांनी चळवळीस प्रथम हात दिला, आणि भाव ठरू लागताच तो काढून घेतला. ज्यांची जमीन कागदावर नव्हती पण हातापायांत होती, ते कूळ एकटे पडले. या भेदात आपल्या ज्ञातीतील घरे एकाच बाजूस होती असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. परंतु ते खरे होणार नाही. मोबदला घेऊन पुण्यात घर बांधणारेही आपल्यात होते, आणि पायलीभर भाताचे बी घेऊन डोंगर चढणारेही आपल्यातच होते.

आमच्या घरातून आबांचे धाकटे बंधू, ज्यांस आम्ही नाना म्हणत असू, रामनवमीच्या त्या सत्याग्रहास गेले. पुढील साली त्यांस सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. नानांची ही कामगिरी आमच्या घरात अभिमानाने सांगितली जाई. ज्ञातीच्या एका जुन्या अंकात त्यांचे नाव छापूनही आले होते. आबा सत्याग्रहास गेले नाहीत. लहानपणी आम्हांस याचे कोडे वाटे, आणि खरे सांगावयाचे तर थोडी लाजही वाटे. शाळेत सेनापती बापटांवर निबंध लिहिताना आम्ही नानांचे नाव घातले व आबांचे गाळले.

आबांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी आजीने जे सांगितले ते आज प्रथमच आम्ही कागदावर उतरवीत आहोत. नाना तुरुंगात गेले तेव्हा त्यांची पत्नी बाळंतपणास टेकली होती. घरात वृद्ध आई, दोन विधवा आत्या, नानांची तीन व आबांची चार मुले. मालकाने आता ही जमीन जावयाचीच म्हणून बी-बियाण्यास उसने देण्याचे बंद केले होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आबांनी आपली बैलगाडी धरणाच्या कामावर लावली. ज्या भिंतीपुढे आपला भाऊ आडवा पडला होता तिच्याच कामाचे दगड त्यांनी रोजंदारीने वाहिले. एक हंगाम नव्हे, दोन. रोज पहाटे निघत, गावच्या रस्त्याने न जाता ओढ्याच्या बाजूने जात, आणि अंधार पडल्यावर परत येत. गावास हे कळले नसेल असे नाही. गावातील आणखीही गाड्या तेथे जात होत्या. पण बोलत कोणी नव्हते.

नाना सुटून आले त्या दिवशी घरात आंबेमोहराचा भात शिजला. तो कोठून आला हे त्यांनी विचारले नाही. आजी म्हणाली, "त्यांनी पहिला घास घेतला, थाळीकडं बघितलं, आन् मग दादांकडं. दादा उठून गोठ्यात गेले." त्यानंतर दोघे बंधू जवळजवळ चाळीस वर्षे एका घरात राहिले, एका बांधावर राबले, एकमेकांच्या मुलामुलींची लग्ने केली, परंतु हा विषय त्यांच्यात एकदाही निघाला नाही. नाना आबांस 'दादा' म्हणत, आणि त्यांच्यापुढे कधी बसून बोलत नसत.

आबांचे करणे बरोबर होते की चूक, हा निवाडा आम्ही करणार नाही. सत्याग्रहीस स्वतःचा देह देता येतो. एकत्र कुटुंबाच्या कर्त्यास देह देण्याची मोकळीक नसते, कारण तो देह बारा-पंधरा जणांच्या नावे लिहिलेला असतो. नाना तुरुंगात निश्चिंतपणे राहू शकले, ते घरी कणगी रिकामी नाही या भरवशावर. आणि ती कणगी ज्या पैशाने भरली तो पैसा भिंतीचाच होता. एका घरातील दोन भाऊ एकाच भिंतीच्या दोन बाजूंस होते, आणि दोघांचाही हेतू घर टिकविण्याचाच होता, एवढे आम्हांस दिसते. याहून अधिक स्पष्ट आम्हांस सांगता येत नाही.

१९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. त्यापूर्वीच पाणी चढू लागले होते. आबा 'धरण' हा शब्द कधी वापरीत नसत. ते केवळ 'पाणी' म्हणत. 'पाण्याच्या आधी', 'पाण्यानंतर', असा त्यांचा कालगणनेचा शक होता. घराची कौले, वासे, दारे व जाते ते वर उतारावर घेऊन गेले. खाचरांची माती मात्र नेता येत नव्हती. तरीही शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी सर्वांत जुन्या खाचरातील काही पाट्या माती वाहून नव्या जागी टाकली, असे नाना सांगत. तेवढ्याने काही होणार नाही हे शेतकऱ्यास समजत नसेल काय? पण टाकली.

वरच्या उतारावर भात होईना. वरई, नाचणी, थोडे गवत, हिरडा गोळा करणे, कोळसा पाडणे, एवढेच उरले. तेव्हा घरातील तरुण पिढी मुंबईस निघाली. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातील माणूस मुंबईत कोठे सापडतो हे सर्वांस ठाऊक आहे. गिरण्यांत, गोदीत, बाजारांतील हमालीत, आणि विशेषतः जेवणाचे डबे पोहोचविण्याच्या धंद्यात, ज्याचा पाया महादू हावजी बच्चे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला. आमचे वडील गिरणीत लागले. ज्या विजेने त्यांचा माग फिरे ती सह्याद्रीच्या पाण्याची, हे त्यांस ठाऊक होते. एकदा ते हसून म्हणाले होते की आपले भात पाण्यावर होत असे, आता पगारही पाण्यावरच होतो. आबांस मात्र हा विनोद आवडला नाही.

मुंबईहून आलेली मनिऑर्डर आबा त्याच पायलीच्या शिस्तीने वाटीत. आत्यांस इतके, शाळेच्या फीस इतके, बैलास इतके. आमचे शिक्षण त्या वाटणीतून झाले. घरातील पहिला मॅट्रिक झालेला मुलगा, पहिला शिक्षक, पुण्यात पहिली नोकरी मिळविणारी मुलगी, यांची नावे आपल्या संस्थेच्या गुणगौरव यादीत आहेत. त्या यादीमागे ही पायली आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई राज्याचा कूळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसेल त्याची जमीन या तत्त्वाचा 'कृषक दिन' म्हणून ठरला. आसपासच्या मावळांत कित्येक कुळे त्या दिवशी मालक झाली. आमच्या वडिलांनी ती वार्ता आबांस वाचून दाखविली. आबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आपलं कूळ पाण्याखाली हाय." तीस वर्षांपूर्वी जमीन गेली नसती तर त्या दिवशी ती त्यांची झाली असती. मुळशीच्या कुळांचे नुकसान मोजताना पुष्कळ लेखक बुडालेले एकर मोजतात. हा दुसरा तोटा, म्हणजे पुढे मिळणारी मालकी आधीच बुडाली, तो कोणी मोजीत नाही. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्रात कायदा होण्यास १९७६ साल उजाडावे लागले, आणि जुन्या १८९४ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा तर २०१३ साली झाला. ज्यांनी हा प्रश्न प्रथम विचारला त्यांपैकी तो पाहण्यास कोणीही नव्हते.

वर्षातून एकदा आबा आम्हांस घेऊन पुण्यास मंडईच्या बाजूस येत. एका धान्याच्या दुकानापुढे ते हटकून थांबत, आंबेमोहराच्या पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ नाकाशी नेत, आणि तो पुन्हा पोत्यात सोडीत. दुकानदार ओळखीचा झाला होता. तो काही बोलत नसे. एकदा आम्ही विचारले, आबा, आपल्याकडचा आहे काय हा? त्यांनी मान हलविली व म्हणाले, "वास तोच. माती निराळी." त्यांनी तो तांदूळ विकत घेतलेला आम्ही कधी पाहिला नाही.

१९६१ च्या जुलै महिन्यात पानशेतचे धरण फुटून पुण्यात हाहाकार झाला. त्याच पावसाळ्यात आबा वारले. तेव्हा ते पंचाहत्तरीच्या आसपास असावेत; जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नव्हती. उतारावरच्या त्यांच्या घरात तोवर विजेचा दिवा लागलेला नव्हता. तलावाच्या काठी चिता पेटली. नानांनी अग्नीपुढे उभे राहून काही पुटपुटले ते आम्हांस ऐकू आले नाही. तेराव्याच्या दिवशी वाटणी करण्याची वेळ आली तेव्हा ती पायली कोणी हातात घ्यावयाची, असा प्रश्न पडला. ज्येष्ठ मुलगा म्हणून ती आमच्या वडिलांकडे यावयाची; त्यांनी ती नानांपुढे ठेवली. नानांनी ती घेतली नाही. अखेर आजीनेच माप घातले, आणि पहिले माप 'लाभ' म्हणून मोजले.

ती पायली आज आमच्या पुण्याच्या घरी आहे. काठावर लोखंडी पट्टी आहे ती गंजली आहे. आत अजून धान्याचा वास येतो असे आमच्या सूनबाई म्हणतात.

सभासद कुटुंबांस आमची एक विनंती आहे. पुढील वर्षीच्या अंकासाठी मुळशी, मावळ व मोसे खोऱ्यातील ज्या घरांनी पाण्याने किंवा अन्य कारणाने जमीन गमावली, त्यांनी त्या वेळच्या घरकर्त्याचे नाव, गाव, घरात किती माणसे होती आणि पुढे ती कोठे गेली, एवढी माहिती लिहून कार्यालयात पाठवावी. नोटिसा, उतारे किंवा पावत्या असल्यास त्यांच्या नकला जोडाव्यात. तुरुंगात गेलेल्यांची नावे आमच्यापाशी बरीचशी आहेत. न गेलेल्यांचीही पाठवावीत.